अँटेना तीनदा बदलला, तरी चित्र तुटतंच

पाऊस पडून गेला की पुढचे दोन दिवस आमच्या टीव्हीवर चौकोन उमटायचे. थंडीत पहाटे दव पडलं तरी तेच. चित्र गोठायचं, आवाज अडखळायचा आणि मग 'सिग्नल नाही' अशी पाटी येऊन बसायची. ऊन चढलं की दुपारपर्यंत सगळं आपोआप ठणठणीत. मी गच्चीवरचा, टॉवरवरून सिग्नल पकडणारा अँटेना बदलला. महिना-दीड महिना छान चाललं आणि पहिल्या मोठ्या पावसाला पुन्हा तेच रडगाणं. मग आणखी लांब, आणखी काड्यांचा अँटेना आणला. तोही महिनाभर छान. तिसऱ्या वेळी अँटेनासोबत सिग्नल वाढवणारा बूस्टरही घेतला, तर आधी नीट दिसणारे चॅनेलसुद्धा गेले.

दोष सापडायला दीड वर्ष गेलं. अँटेनापासून हातभर खाली केबलला एक जोड होता. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, म्हणून मी तो 'पक्का' समजत होतो. एका सकाळी पट्टी सोलली आणि जोड उघडला, तर आतून पाण्याचा थेंब माझ्या बोटावर पडला. मधली तांब्याची तार हिरवी पडली होती. अँटेना बदलताना दर वेळी मी हाच जोड सोडवायचो, फडक्याने पुसायचो आणि पुन्हा आवळायचो. त्यामुळे तो काही दिवस कोरडा राहायचा, आणि श्रेय मिळायचं नव्या अँटेनाला.

'घरासाठी कोणता अँटेना घेऊ?' असं कुणी विचारलं की आता मी उलट विचारतो: चित्र नेमकं कधी तुटतं? दुकानातल्या खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

मुंग्या गेल्या, इशाराही गेला

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. आधी थोड्या, मग पडदाभर. एखाद्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून सिग्नल उशिरा पोचला तर माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली उभी राहायची. चित्र वाईट दिसायचं, पण दुखणं काय आहे ते सांगायचं. डिजिटल प्रक्षेपणात माहितीसोबत चुका दुरुस्त करण्याची सोयही पाठवलेली असते. त्यामुळे सिग्नल ढासळत असतानाही पडद्यावर सगळं काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग एकदा काठ ओलांडला, की एक-दोन डेसिबलच्या (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) फरकात चौकोन आणि लगेच काळा पडदा.

म्हणजे आज चित्र उत्तम आहे याचा अर्थ सिग्नल उत्तम आहे असा नाही. तुम्ही काठापासून बोटभर अंतरावर असाल. अशा वेळी ओली पानं, सैल पिन, गरम झालेला बूस्टर, काहीही निमित्त पुरतं.

टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात: ताकद आणि गुणवत्ता. सगळे ताकदीकडे बघतात. बघायची ती गुणवत्ता. ताकद नव्वद आणि गुणवत्ता तीस असेल तर तुमच्याकडे भरपूर कचरा येतोय एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे एका कंपनीच्या टीव्हीचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून मित्राच्या घरच्या आकड्याशी तुलना करू नका. आपल्याच टीव्हीचा आजचा आकडा आणि कालचा आकडा, एवढंच ताडून बघा. मी वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, हवा कशी आणि गुणवत्ता किती असं लिहायला लागलो. पंधरा दिवसांत नमुना डोळ्यांसमोर आला. दीड वर्ष ही साधी गोष्ट का केली नाही, देव जाणे.

लिहिताना चॅनेलवार लिहू नका, गठ्ठ्यावार लिहा. डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवतात, त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. मी गठ्ठाच म्हणतो. तुमच्या नावडत्या पाच चॅनेलसोबत आवडता सहावाही जात असेल, तर ते सगळे एका गठ्ठ्यातले असतील. म्हणजे दोष त्या फ्रिक्वेन्सीपुरता आहे. सगळेच गठ्ठे एकदम जात असतील तर केबल, जोड, बूस्टर किंवा त्याचा वीजपुरवठा. आणि गठ्ठ्यातला एकच चॅनेल बिघडला, बाकीचे ठीक असतील, तर गच्चीवर चढू नका. ती गडबड पाठवणाऱ्याच्या बाजूची आहे.

कधी तुटतं?

पावसात तुटतं, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. लोकांना वाटतं पाऊस सिग्नल अडवतो. डिशच्या बाबतीत ते खरं आहे, कारण तिथली फ्रिक्वेन्सी दहा-बारा गिगाहर्ट्झची असते. टॉवरवरून येणारा टीव्हीचा सिग्नल काहीशे मेगाहर्ट्झचा. त्याला पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तेव्हा पावसात चित्र तुटत असेल तर पाणी कुठेतरी शिरतंय. पाऊस थांबल्यावरही दिवसभर तुटतच असेल आणि उन्हाने सुधारत असेल, तर जोड उघडून बघण्याआधीच मी पैज लावायला तयार आहे. अपवाद एकच: अँटेना आणि टॉवर यांच्या मधोमध दाट झाड असेल तर ओली पानं खरोखरच सिग्नल खातात. त्याची खूण अशी, की तसा त्रास पानगळीत कमी होतो आणि पालवी फुटली की परत येतो.

वाऱ्यात तुटत असेल तर पाइप हलतोय, अँटेनाची पकड सैल आहे किंवा झाड डोलतंय. खाली एकाने गुणवत्तेचा आकडा बघत बसायचं आणि दुसऱ्याने वर केबल हळूच हलवायची. आकडा उडाला की जागा सापडली.

ठरावीक वेळी, दोन-चार सेकंद तुटत असेल तर घरातच बघा. पंप सुरू होताना, मिक्सर लावताना, एखादा दिवा पेटल्यावर. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आतला छोटा वीजपुरवठा आणि मोबाइलचे हलके चार्जर बराच गोंगाट करतात. एकेक बंद करत गेलं की चोर सापडतो. असा गोंगाट बहुतेक वेळा अँटेनातून आत येत नाही. टीव्हीच्या मागच्या दीड मीटरच्या फडतूस केबलमधून येतो, कारण तिच्या आवरणाखालची धातूची जाळी इतकी विरळ असते की ती केबल स्वतःच अँटेनासारखी वागते.

आता सगळ्यात फसवा प्रकार. हवा स्वच्छ, वारा पडलेला, रात्र शांत, आणि तरीही एखादा गठ्ठा जातो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असा थर जमला की लांबचे सिग्नल त्याखालून वाकून कितीतरी पुढे पोचतात. एरवी क्षितिजाआड असलेला, त्याच फ्रिक्वेन्सीवरचा दुसरा टॉवर तुमच्या टॉवरवर चढतो. तेव्हा अँटेना फिरवू नका, पुन्हा स्कॅन तर मुळीच करू नका. स्कॅन केलं की टीव्ही त्या पाहुण्या टॉवरचे चॅनेल साठवून ठेवतो, आणि सकाळी पाहुणा गेला की तुमच्याकडे रिकामी यादी उरते. माझ्या हातून हे दोनदा झालंय.

आणि घरात दोन टीव्ही असून एकाच खोलीत त्रास असेल, तर छताकडे बघायचं कारणच नाही.

वरून नाही, खालून सुरुवात

टीव्हीच्या मागची पिन काढा आणि घट्ट लावा. मग ती छोटी केबल बदलून बघा. भिंतीतला सॉकेट वगळा. स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारा फाटा, काढून वरून येणारी केबल थेट टीव्हीला लावा. एवढ्यावर सुधारलं तर थांबा, दोष सापडला. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक बाजूला साडेतीन डेसिबलच्या आसपास घटवतो, चार फाट्यांचा सात. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा. टीव्ही एकच असताना चार फाट्यांचा स्प्लिटर लावून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत.

मग केबल. आरजी-६ जातीची चांगली केबल ६०० मेगाहर्ट्झला २० मीटरमध्ये तीन-साडेतीन डेसिबल खाते. बारीक केबल त्याहून जास्त. जुनी असेल तर टोकाचं प्लास्टिक सोलून जाळी बघा. ताजी जाळी चकचकीत असते, पाणी प्यायलेली काळपट. जाळी वातीसारखं पाणी ओढते आणि ते मीटर-मीटर आत जातं. थोडं कापा, परत सोला. मीटरभर कापूनही काळंच निघत असेल तर पुढचा वेळ वाया घालवू नका, पूर्ण केबल बदला.

जोडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं घोडं इथेच पेंड खात होतं. एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड, लावताना बाहेरचं आवरण सोलायचं, जाळी मागे दुमडायची, आतलं पांढरं प्लास्टिक कनेक्टरच्या तळाशी सपाट टेकेल एवढंच ठेवायचं, आणि मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे साधारण ३ मिलिमीटर बाहेर यायला हवी. कमी आली तर टेकत नाही, जास्त आली तर समोरच्या सॉकेटची पकड फाकवते. दुमडताना जाळीचा एखादा केसासारखा बारीक तंतू मधल्या तारेला चिकटून राहतो. तो चष्मा लावूनच शोधा. त्या एका तंतूने पूर्ण सिग्नल जमिनीला जातो, आणि बूस्टर असेल तर त्याचा वीजपुरवठाही शॉर्ट होतो. माझ्या तिसऱ्या अँटेनाच्या वेळी चॅनेल गेले त्याचं निम्मं कारण हा तंतू होता.

बाहेरच्या जोडावर साधी इन्सुलेशन टेप पुरत नाही. उन्हाने तिचा गोंद सुटतो, टोक उकलतं आणि मग ती पाणी अडवायच्या ऐवजी आत धरून ठेवते. ताणली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. पाणी झोलाच्या तळातून ठिबकतं, भिंतीत शिरत नाही.

वर चढताना एक लक्षात ठेवा: विजेच्या तारा जवळ असतील तर धातूचा पाइप हाती घेऊन एकट्याने काही करू नका. आभाळ भरलेलं असताना तर नकोच. पाइपाला अर्थिंग हवं.

बूस्टर नावाचं औषध

बूस्टर सिग्नल वाढवतो, सोबत आलेला गोंगाटही तेवढाच वाढवतो, आणि स्वतःचा थोडा घालतो. जे अँटेनाने पकडलंच नाही ते बूस्टर निर्माण करू शकत नाही. त्याचं खरं काम एकच, पुढच्या लांब केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये होणारी घट आधीच भरून काढणं. म्हणून तो अँटेनाच्या अगदी खाली, पाइपावरच लावायचा. टीव्हीशेजारी लावलेला बूस्टर म्हणजे दूध नासल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवण्यासारखं.

टॉवर जवळ असेल तर बूस्टर उलट मारक. आत शिरणारा सिग्नल त्याच्या आवाक्याबाहेर गेला की तो सगळ्या फ्रिक्वेन्सींची भेसळ करतो. ताकदीचा आकडा वर जातो, गुणवत्तेचा खाली. मोबाइलचा टॉवर समोर असेल तरीही हेच होतं, कारण टीव्हीकडे पूर्वी असलेला वरचा पट्टा आता मोबाइलकडे गेलाय. युरोपात टीव्हीचा यूएचएफ (३०० मेगाहर्ट्झच्या वरचा) पट्टा एकेकाळी ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत होता, तो ६९४ वर आला. अमेरिकेत ६०८ वर. त्या मोबाइल सिग्नलला अडवणारा एलटीई फिल्टर मिळतो. तो बूस्टरच्या आधी लावायचा. नंतर लावून उपयोग नाही, तोवर भेसळ झालेली असते.

बूस्टरला वीज केबलमधूनच वर जाते. खालचा अ‍ॅडॉप्टर चुकून बंद झाला, किंवा मधे वीज पुढे न सोडणारा स्प्लिटर आला, तर बंद बूस्टर सिग्नलच्या वाटेत बूच बनून बसतो. घरात ठेवायच्या काही अँटेनांना टीव्हीकडूनच ५ व्होल्ट लागतात, आणि ती सोय मेनूत बंद असते.

आणि तरीही नवा अँटेना घ्यायचाच असेल

आधी तुमच्या टॉवरचे गठ्ठे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहेत ते बघा. टीव्हीच्या सिग्नलच्या पानावरच ते दिसतं. मग ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ६०० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर, २०० मेगाहर्ट्झला दीड मीटर. अँटेनाची मुख्य काडी साधारण याच्या निम्मी हवी: पहिल्यासाठी २५ सेंटिमीटर, दुसऱ्यासाठी ७५. दुकानात मोजपट्टी घेऊन गेलात तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, वीतभर काड्यांचा अँटेना व्हीएचएफचा, म्हणजे २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, गठ्ठा नीट घेणार नाही हे तिथेच कळेल. 'डिजिटल', 'एचडी', 'फोर-के' हे शब्द सोडून द्या. अँटेनाला फक्त फ्रिक्वेन्सी कळते, चित्र कसलं आहे ते कळत नाही. जुना अँटेनाही चालतो, फक्त एक शंका तपासा: काही अँटेना पट्ट्याच्या ठरावीक भागासाठी बनवलेले असतात, आणि वरच्या भागासाठीचा असेल तर गठ्ठे खाली सरकल्यावर तो अधू पडतो.

गच्चीवर मासळीच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना म्हणजे यागी-उदा. जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो मांडला. रचना आजही तीच. मागे परावर्तक, मधे केबल जिला जोडतात ती काडी, पुढे दिशा दाखवणाऱ्या काड्या. पुढच्या काड्या वाढवल्या की पकड वाढते, पण कंजूषपणे. लांबी दुप्पट केली तरी दोन-तीन डेसिबलच मिळतात, आणि बदल्यात नजर अरुंद होते, म्हणजे दिशा अधिक काटेकोर साधावी लागते आणि वाऱ्याने हलला की आधी तोच चुकतो. लॉग-पिरिऑडिक जातीचा (काड्या टोकाकडे ठरावीक प्रमाणात लहान होत जाणारा) अँटेना पकडीत थोडा कमी, पण पूर्ण पट्ट्यावर सारखा वागतो आणि मागून-बाजूने येणारी लुडबूड चांगली टाळतो. टॉवर पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आणि वाट मोकळी असेल, तर मी डोळे झाकून तोच घेईन. खोक्यावर डेसिबल बघताना पुढचं अक्षर बघा. डीबीआयमधला (सगळीकडे सारख्या वागणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) आकडा डीबीडीपेक्षा (साध्या एका काडीच्या अँटेनाशी तुलना) २.१५ ने मोठा दिसतो, अँटेना तोच असला तरी.

काड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, ते टॉवर ठरवतो. चुकीच्या ठेवल्या तर २० डेसिबलपर्यंत सहज जातात. शेजारच्या छपरांवरचे अँटेना बघितले की दिशा आणि हे दोन्ही कळतं, पण सगळेच एकाच चुकीची नक्कल करत असण्याचीही शक्यता असते. खात्री गुणवत्तेच्या आकड्यावरच करा.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर काड्यांपेक्षा उंचीत घाला. मोकळ्या जागेत उंची दुप्पट केली की ६ डेसिबलपर्यंत मिळू शकतात. तेवढं अँटेना मोठा करून मिळवायचं तर तो दाराएवढा होईल. क्षितिजाचाही हिशोब आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, इतक्या किलोमीटरपर्यंत सपाट जमिनीवर नजर पोचते. टॉवर १५० मीटरचा असेल तर त्याचे ५०, आणि तुमच्या ९ मीटर छपराचे १२. साधारण ६२ किलोमीटरपलीकडे काड्या मोजण्यात अर्थ नाही. घरातला अँटेना याच कारणाने मागे पडतो. उंची गेली, वर भिंतीने १०-१५ डेसिबल खाल्ले. तोच लावायचा झाला तर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत लावा, टीव्हीच्या डोक्यावर नाही. पत्रा किंवा धातूचा मुलामा दिलेली काच असेल तर तिथेही आशा ठेवू नका.

जागा ठरवताना पाइप गाडण्याआधी अँटेना हातात धरून अर्धा मीटर डावीकडे, उजवीकडे, खाली करून बघा. थेट आलेला आणि कुठून तरी आपटून आलेला सिग्नल काही जागी एकमेकांना खातात, हातभर सरकलं की नाही खात. सगळ्यात दुबळ्या गठ्ठ्याची गुणवत्ता जिथे जास्त तिथे खिळा. बाकीचे आपोआप येतात.

आमच्या गच्चीवर आता पहिलाच अँटेना परत चढवलाय, तो पत्र्याखाली पडून होता. मधला जोड कायमचा काढून टाकला, वरपासून खालपर्यंत एकसंध केबल टाकली, बूस्टर कपाटात आहे. भर पावसात गुणवत्तेचा आकडा हलत नाही. वारा पडलेल्या एखाद्या रात्री एक गठ्ठा तासभर जातो. तेव्हा मी दुसरा चॅनेल लावतो.